उजवा गुडघा

फौजेतून मी हवालदार होऊन घरी आलो, पण रहिमतपुरात मला सगळे ‘मेजर’च म्हणतात. पेन्शनीवर आलेल्या कुठल्याही फौजीला इकडे मेजर म्हणायची पद्धत आहे. या फुकटच्या बढतीला मी कधी हरकत घेतली नाही, यावरून माझा स्वभाव ओळखा.

मुलगी बारावी झाली तेव्हाची ही गोष्ट. मार्क चांगले पडले होते आणि खो-खोत ती जिल्ह्याला खेळून आली होती. तिला वडूजकडचं एक लहानसं कॉलेज हवं होतं, तिथल्या संघासाठी. मोटारसायकलवर मागे बसवून मी तिला बघायला घेऊन गेलो. कॉलेज म्हणजे पत्र्याच्या सात-आठ खोल्या आणि ग्रंथालयात दोन कपाटं. पण तास सुटले तरी एक पोर घरी गेलं नाही. शिपाई पाइप धरून मैदानावर पाणी मारत होता. मराठीच्या बाई खेळणाऱ्या पोरींचे मोबाइल आणि बांगड्या ओटीत घेऊन पायरीवर बसल्या होत्या. डाव संपल्यावर हरलेल्या पोरींनी पांढऱ्या फक्कीची पाटी उचलली आणि पुसलेल्या रेषा पुन्हा मारल्या, कुणी न सांगता. माझी मुलगी चपला काढून कधी आत गेली, मला कळलंच नाही.

खेळाचे सर म्हणाले, “मेजर, पोरगी आमाला द्या. जागा राखून ठेवतो.” मी त्यांच्या हातावर हात मारला. सगळ्या पोरींच्या देखत शब्द दिला.

घरी आलो तर सांगलीचे मेव्हणे आलेले. त्यांचा मुलगा तिथल्या मोठ्या कॉलेजात शिकतो. चहा पिता पिता ते म्हणाले, “दाजी, एवढं मार्क पाडून पोरगी पत्र्याखाली बसवनार व्हय? लोक म्हनतील, मेजरला झेपंना.”

ते ‘झेपंना’ मला फार लागलं. पोरीच्या भल्याचा विचार वगैरे मी नंतर जोडला. दोन दिवसांत सांगलीचा फॉर्म भरून टाकला. आता सरांना काय सांगायचं? ‘आमचा विचार बदलला’ एवढे तीन शब्द बोलायचे होते. सीमेवरच्या गोष्टी मी पारावर बसून पोरांना रंगवून सांगतो, पण हे तीन शब्द काही तोंडातून निघेनात. सरांना फोन करून सांगितलं, पोरीचा गुडघा दुखावलाय, डॉक्टर वर्षभर खेळू नको म्हणालेत. आणि पोरीला सांगितलं, सरांचा फोन आला होता, त्यांचा संघ भरलाय.

“सर असं म्हनले?” तिनं विचारलं.

“व्हय.”

दोन दिवस ती नीट जेवली नाही. मग सांगलीसाठी बॅग भरायला लागली.

पुढच्या रविवारी सकाळी दारात भाड्याची वडापची जीप थांबली. आतून सर उतरले आणि त्यांच्यामागे अकरा पोरी. एकीच्या हातात केळी. मुलगी ओसरीत मांडी घालून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. त्यांना बघून ती आनंदानं उठायला लागली, तशी त्यांची कॅप्टन पुढं धावली. “उठू नको गं. गुडघ्याव जोर यील.”

मुलगी अर्धी उठलेली होती. तिनं माझ्याकडं बघितलं. मी केळ्यांकडं बघत होतो. ती पुन्हा खाली बसली.

“कोनता गुडघा?” कॅप्टननं विचारलं.

मुलगी पुन्हा माझ्याकडं बघायला लागली. “उजवा,” मी म्हणालो. एवढी मदत मी केली.

कॅप्टननं स्वतःचा गुडघ्याचा पट्टा धुऊन आणला होता. तिनं तो माझ्या मुलीच्या धडधाकट पायात चढवला, वर-खाली करून नीट बसवला. “दुखतंय?”

“थोडं.”

सर मला म्हणाले, “आमच्यात पोरीला लागलं की समद्यांनी बघाय जायचं असतं, मेजर. ही बी आमचीच की. जागा कुनाला दिली न्हाई. पुढच्या वर्सी यू दे.”

आतून बायकोनं पाणी न्यायला हाक मारली. मुलगी उठली आणि लंगडत आत गेली. ट्रे घेऊन लंगडत बाहेर आली. बायको दारात उभी राहून आळीपाळीनं तिच्याकडं आणि माझ्याकडं बघत राहिली. जीप वळेपर्यंत मुलगी फाटकाशी एका पायावर भार देऊन हात हलवत उभी होती. मग पट्टा काढला, घडी करून बॅगेत ठेवला आणि उरलेल्या शेंगा फोडायला बसली.

ती ओरडेल म्हणून मी वाट बघत होतो. ती नुसती सरळ उभी राहिली असती तरी माझी अब्रू गेली असती आणि तिला तिचं कॉलेज मिळालं असतं. आता लंगडी म्हणून सगळ्यांनी बघितल्यावर ती तिथं धावणार कशी? ते निस्तरणं आता फक्त माझ्या हातात होतं. सांगलीला जायला आठ दिवस होते. गाडीत पेट्रोल होतं. सरांसमोर काय बोलायचं ते मी मनात घोकूनही ठेवलं होतं. मी गेलो नाही. रोज उद्या जाऊ म्हणत राहिलो.

आठव्या दिवशी तिला सोडायला स्टेशनवर गेलो. ती बॅग घेऊन झपाझप पुढं चालली होती. मध्येच तिचा उजवा पाय ओढायला लागला. मी समोर बघितलं. तिकिटाच्या खिडकीशी त्या अकराजणींतली एक आईबरोबर उभी होती. तिनं हात केला, मुलीनंही केला, आणि सगळा प्लॅटफॉर्म ती तशीच लंगडत गेली. बॅग मागितली तर दिली नाही.

गाडी आली. ती चढली, खिडकीशी बसली. तिच्या आवाजात राग नव्हता, खरोखर विचारून घ्यावं तसं तिनं विचारलं, “पप्पा, सांगलीत तरी मी नीट चालू का?”

“व्हय,” मी म्हणालो. एवढंच म्हणालो.