तांब्यावरचे हिरवे डाग

चाकणच्या आमच्या कंपनीत आम्ही आग विझवणारा धूर बनवतो. डब्यातली वडी पेटली की पांढरा धूर सुटतो आणि त्यातले बारीक कण ज्वाळेचा जीव घेतात. जुने गॅस ओझोनची चाळण करायचे. आमची वडी तसलं काही करत नाही. तिचं नवं मिश्रण आमच्या प्रयोगशाळेतल्या मॅडमचं. दोन वर्षं त्या त्यातच गुंतल्या होत्या. चाचणी माझ्याकडे होती, म्हणजे पुढचं तुम्हाला कळलंच असेल.

शेवटची चाचणी साधी होती: धुरानं विजेच्या तारांचं तांबं खराब होतं का, एवढंच बघायचं. पोलादी कपाटात तांब्याच्या पट्ट्या टांगायच्या, धूर सोडायचा, कपाट आठ दिवस बंद. पट्ट्या खराब निघाल्या तर मिश्रणाचं काम कायमचं थांबेल, असं मालकांनी सांगून टाकलं होतं.

नवव्या दिवशी कपाट उघडलं. आधी वास आला. आंबलेला, तेलकट, घशात जाऊन बसणारा. खालच्या पट्ट्यांवर हिरवे, बुळबुळीत डाग. नाकाला रुमाल लावून मी अहवाल लिहिला: मिश्रण तांबं खातं, वर घाण वासही सोडतं. खाली झोकात सही ठोकली.

मॅडमनी पट्ट्या उजेडात धरून पाहिल्या. धूर सगळीकडे सारखा बसतो, हे तर शिंतोडे दिसतात, म्हणाल्या. मग विचारलं, "सर, कपाटात दुसरं काही गेलं होतं का?"

"छे हो मॅडम. माझ्याशिवाय त्याला कुणाचा हात लागत नाही."

हे मात्र खरं होतं.

दुपारी कपाट पुसताना मागच्या कोपऱ्यात बोटांना काहीतरी लिबलिबीत लागलं. बाहेर काढलं तर करवंटीचा तुकडा, खोबऱ्यावर करड्या बुरशीची लव. त्याच क्षणी खंडेनवमी आठवली. बाकीच्यांनी आपापल्या मशीनला हळदकुंकू वाहिलं, नारळ एकच, तोही गेटवर फोडला. मला वाटलं, आपल्या कपाटाचा मान का कमी? पट्ट्या आत टांगलेल्याच होत्या. मी दार उघडून त्याच्या चौकटीवरच नारळ आपटला. पाणी कुठे उडालं हे बघण्याआधी पेढा तोंडात टाकला. दसऱ्याची सुट्टी संपल्यावर आत न बघताच धूर सोडला.

आता कचऱ्याचा डबा चार पावलांवर होता. मी दोन पावलं गेलोही. त्या खोबऱ्यापेक्षा ती दोन पावलं आठवली की जास्त मळमळतं.

मग वळलो आणि करवंटी मालकांच्या टेबलावर, अहवालावरच्या माझ्या सहीशेजारी ठेवली. त्यांनी चहाचा कप लांब सरकवला.

"हे काय आणलंत राव?"

"दुरुस्त अहवाल," मी म्हणालो.

नव्या पट्ट्या मॅडमनी स्वतः टांगल्या आणि किल्ली पर्समध्ये टाकली. आठ दिवसांनी फडकं फिरवल्यावर पट्ट्या लख्ख निघाल्या. मॅडमची दोन वर्षांची मेहनत वाचली. मला त्या एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वर्षी तुम्ही फक्त पेढे वाटा."