बदलीवाल्याचं नाव

गिरणीसंप मोडून बरीच वर्षं झाली होती, तेव्हाची लालबागमधली ती केस आठवली की आजही अंगात वीज सळसळते. दादरच्या एका क्लासबाहेर उद्याची प्रश्नपत्रिका विकली जातेय, अशी खबऱ्याने टीप दिली. साध्या वेशातला शिपाई पाठवला. अर्ध्या तासात कागद टेबलावर! एका खासगी संस्थेच्या प्रवेशपरीक्षेचा पेपर. संस्थेला कळवलं, तर त्यांचा परीक्षा-समन्वयक लेखी तक्रार घेऊनच हजर झाला. तक्रारीत संशयिताचं नावही होतं: पेपर लालबागच्या ज्या डीटीपी ऑफिसात टाइप झाला, तिथली ऑपरेटर मुलगी. ‘तिने स्वतःच्या नावाने सर्व्हर उघडून पेपर चोरला.’

सर्व्हर म्हणजे काय, हे मला तेव्हा ओ की ठो माहीत नव्हतं. ऑफिसच्या मालकाने समजावलं. कोपऱ्यात कायम चालू असलेला एक संगणक. पूर्वी फ्लॉपी घेऊन माणूस रे रोडच्या छापखान्यात धावायचा. निम्म्या वेळा फ्लॉपीच खराब निघायची. आता ऑपरेटर फाइल सर्व्हरवर चढवायचा आणि छापखाना फोनलाइनवरून ती उतरवून घ्यायचा. प्रत्येकाला वेगळं नाव आणि पासवर्ड. कोणता कप्पा कुणासाठी उघडेल, ते त्या नावावर ठरायचं. प्रश्नपत्रिकांचा कप्पा उघडायचा फक्त त्या मुलीच्या नावाने.

मुलीला बोलावलं. परळच्या चाळीतली, विशीतली. वडिलांची गिरणी संपात गेली ती गेलीच. महिला शिपाई शेजारी बसवून जबाब सुरू केला.

“पेपर सर्व्हरवर चढवला त्या दुपारी खुर्चीत कोण होतं?”

“नाव माझं होतं ना? मग मीच.”

“होतीस की नव्हतीस, सरळ सांग.”

“लिहा साहेब, काय लिहायचं ते.”

महिला शिपाई चिडली. “अगं शहाणे, तुझी आई बाहेर रडतेय! परवाच सरकारी नोकरीची मुलाखत देऊन आलीस म्हणते. गुन्हा नोंदला गेला तर पडताळणीतच बाद होशील, कळतंय का?”

मुलीचे डोळे भरले. तोंड मात्र उघडेना. मी ताडकन उठलो. पेपर सर्व्हरवर चढवला गेला तोही परवाच! म्हणजे ही त्या दुपारी मुलाखतीला होती. मग खुर्ची कुणी सांभाळली?

माझा बापही गिरणीत विणकर. कायम कामगार रजेवर गेला की त्याच्या मागावर बदली कामगार उभा राहायचा, आणि कधी कधी परस्पर, मुकादमाला न सांगता. पकडले गेले तर दोघांची रोजी जायची, म्हणून एकमेकांचं नाव मेले तरी कुणी घेत नसे. आम्ही गिरणगावातली पोरं हे दुधाबरोबर शिकलो.

“तुझा बदलीवाला कोण?” मी विचारलं.

ती दचकली. “ऑफिसातल्या काकांचं काम जाईल, साहेब. त्यांनी काही केलेलं नाही.”

बस्स, तेवढंच. काकांना आणायला हवालदार निघाला, तर ते स्वतःच दारात उभे! मालवणी माणूस, ऑफिसात पडेल ते काम करणारा.

“साहेबानु, चेडवाक सोडा. तिच्या जागेर मी बसललंय.”

“तिच्या नावाने का?”

“माका खंय नाव दिल्यानी? नाव कायम माणसांक. गिरणीतय बदली, हयसरय बदली!”

“बरं, बसलात. खुर्ची सोडून कुठे गेलात?”

“च्या पिऊक. फाइल चढत होती. चालू माग कोण बंद करता? शेजारच्याक सांगूचा, जरा बघ. संस्थेचो सायेब बाजूक बसललो, तेकाच सांगितलंय.”

संस्थेचा साहेब! चालू माग शेजाऱ्याच्या भरवशावर सोडण्याची सवय इथे भलत्याच माणसाला खुर्ची देऊन गेली होती. तो समन्वयक बाहेरच्या बाकावर बसून होता. मी आवाज शक्य तितका थंड ठेवून त्याला आत घेतलं.

“परवा लालबागला गेला होतात?”

“छे हो! मी कशाला जाऊ?”

“मग सर्व्हर हिच्या नावाने उघडला होता, हे तक्रारीत कसं आलं? सर्व्हरची नोंद आम्हीच अजून पाहिलेली नाही.”

“स्क्रीनवर तिचंच नाव...”

वाक्य तिथेच तुटलं. हवालदाराने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. “घ्या साहेब, घसा सुकला असेल.” समन्वयकाने खुर्चीत बसून एक प्रत छापून घेतली आणि तिच्या झेरॉक्स काढून विकायला दिल्या होत्या. उरलेल्या झेरॉक्स त्याच्या घरी पंचांसमक्ष मिळाल्या. संस्थेने पेपर बदलला.

आम्ही जिंकलो म्हणून ठाणं उसळलं होतं, तेवढ्यात मालक म्हणाला, “दोघांनी नियम मोडला, दोघांनाही काढतो.” माझं डोकं फिरलं. “नियम तुम्ही मोडलात! ज्याच्याकडून काम घेता, त्याला नाव देत नाही? दिलं असतंत तर एका निरपराध मुलीला इथे बसावं लागलं नसतं.” हा माझ्या अधिकाराबाहेरचा विषय होता. तरी बोललो, आणि पुन्हा बोलेन. मालकाने खाली मान घालून काकांना नाव द्यायचं कबूल केलं.

नोकरीत मी खोटं बोलणारे शेकड्यांनी पाहिले. गप्प बसणाऱ्यालाही आम्ही त्यांच्यातच ढकलतो. त्या मुलीने शिकवलं, की माणूस का गप्प आहे हे कळेपर्यंत पोलिसाने पेन उचलू नये.

काही आठवड्यांनी तिच्या चारित्र्य पडताळणीचा कागद आमच्याच ठाण्यात आला. एरवी तो कारकून भरतो. मी मागवून घेतला, स्वतःच्या हाताने ‘नेमणुकीस हरकत नाही’ लिहिलं, आणि शिक्का इतक्या जोरात मारला की बाहेरचा हवालदार धावत आत आला.