आधी नळाला, मग मला

हिंगणघाटच्या आमच्या मिलमध्ये पहिला संगणक आला तो जावयाच्या थाटात. बाहेर खात्यांमध्ये माणसं घामाघूम, आणि याला बंद खोली, गार हवा, वर दाराशी चपला काढायच्या! त्याच्या तैनातीला मी. नागपूरहून आलेल्या इंजिनिअरने माझ्या मनगटाला पट्टा बांधला, त्याची तार अर्थिंगला जोडली आणि बजावलं, "हिवाळ्यात हवा कोरडी. टेरिलीन, लोकर, सगळं अंगावर वीज साठवतं. तसाच आतल्या कार्डाला हात लावलात की कार्ड मेलं. वर डागसुद्धा दिसणार नाही. पट्टा नसेल तेव्हा आधी लोखंडी सांगाड्याला शिवा, वीज उतरू द्या, मग कार्डाला."

"बैल बांधला रे खुंट्याले!" हिशेबनीस उंबऱ्यावरून ओरडले. मी पट्ट्यासकट हंबरून दाखवलं. तेव्हापासून रोज सकाळी ते माझ्या हंबरण्याची वाट पाहत.

घरी मात्र पट्टा नव्हता. एका संध्याकाळी मी स्वेटर डोक्यावरून ओढून काढला आणि बायकोच्या हातून चहाचा पेला घेताना बोटाला बोट लागलं. चट्! निम्मा चहा माझ्या पायावर.

"मिलचा करंट घरी काऊन आणून राह्यले हो?"

मी तिला सांगाड्याचा नियम समजावला. झालं! तिने तो घराला लावला. "तुमच्या कार्डाले एवढं जपता, मी काय रस्त्यावर पडली? आधी नळाले हात लावा, मंग मले."

मग हिवाळाभर मी घरी आलो की अंगणातल्या लोखंडी नळाला, देवाला शिवावं तसा, शिवायचो. शेजारच्या काकूंना वाटलं, मी सोवळं पाळायला लागलो. त्यांनी आपल्या यजमानांना माझं उदाहरण दिलं. मी आणि बायको भिंतीआड तोंड दाबून हसायचो.

पुढे एका हिवाळ्यात तिच्या डोक्यात गाठ निघाली. उजव्या हातातून आधी वाटी सुटली, मग लाटणं, मग त्या हाताला काही कळेनासंच झालं. वर्ध्याच्या दवाखान्यात डॉक्टर बोटांना टाचणी टोचायचे आणि ती खिडकीकडे पाहत राहायची. हात तसाच होता, हिरव्या काचेच्या बांगड्या घातलेला. वर डाग नव्हता.

भेटीच्या वेळी वॉर्डात नुसता गलका. मी नेहमीसारखा आधी खाटेच्या लोखंडाला शिवायला गेलो, तर तिने अडवलं.

"आज नाई. स्वेटर काढा, अन् कशालेच हात लावू नका. टाचणी परकी आहे, ते नाई समजत मले. तुमचा चटका समजीन. तो लागला म्हणजे हात जिता आहे."

मी स्वेटर काढला. तो चांगला तडतडला. केस उभे राहिले. एरवी मी त्यावर अर्धा तास नाटक केलं असतं. तिने डोळे मिटले. मी बोट तिच्या बोटाजवळ नेलं.

चट्! माझा हात कोपरापर्यंत दचकला.

तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. शेजारच्या खाटेवर पाहुणे मोठ्याने हसत होते.

"द्या ना," डोळे मिटूनच ती म्हणाली. "काऊन थांबले?"

नकला करण्यात माझा हात धरणारा मिलमध्ये कोणी नव्हता. पण त्या दिवशी तोंडातून एवढंच निघालं, "कोपर लागलं गं खाटेला. उतरली सगळी."

तिने डोळे उघडले. बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. "तुमचं काईच धड नसते," ती म्हणाली. "राहू द्या. मंग हात तरी धरा. आता काय भेव?"

मी तिचा हात दोन्ही हातांत घेतला, बांगड्यांसकट. तिने पुन्हा डोळे मिटले होते.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "धरला का?"