जाहिरातीतली बाई आणि माझी काठवट

मला लघवी धरवत नाही. आता गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून लिहायला हरकत नाही. तेव्हा मी कुणालाच सांगितलं नव्हतं, सुनेलाही नाही. फक्त फोनला विचारलं होतं.

आमच्या गल्लीतल्या बायका मिळून कडक भाकऱ्यांच्या ऑर्डरी घेतात. पीठ मंगळवेढ्याच्या ज्वारीचं. पीठ मळायच्या लाकडी काठवटीपुढं मी बसायची, कारण तेवढी पातळ भाकरी थापायला हात बसलेला लागतो. थापता थापता सारखं उठता येत नाही, त्यामुळं माझा त्रास वाढला. एका दुपारी घरात कुणी नसताना फोन तोंडाशी धरून विचारलं, म्हातारपणी लघवी गळते, काय करावं. एका दुकानाचं पान उघडलं. मोठ्या माणसांचे लंगोट होते. बघितले आणि बंद केलं. चौथी शिकलेली मी, मला वाटलं पाटी पुसली.

काम करताना भजनं माझ्याच फोनवर लागतात. फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायचा, सगळ्यांना दिसेल असा. दुसऱ्या दिवशी भजनांचं पान उघडलं, तर वर पांढऱ्या केसांची एक बाई लंगोटांचं पुडकं घेऊन हसत होती.

“मावशी, तुमच्या फोनला बाळ झालं काय?” एकीनं विचारलं. सगळ्या हसल्या, मीही हसले.

पण मग पंचांग उघडलं तरी तीच बाई, बातम्या उघडल्या तरी तीच. शेवटी एक तरणी म्हणाली, “आपण जे बघतो त्येच फोन दाखवतो की.” कुणी हसलं नाही. सगळ्यांनी माझ्या लुगड्याकडं बघितलं.

आमच्यातली गिऱ्हाइकांशी बोलून ऑर्डरी घेणारी बाई अक्कलकोटकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिला भाकरी थापायला मी शिकवलं. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, “उद्यापासनं तुमी भाकऱ्या रचा. पिठाला हात नको. गिऱ्हाइकाला कळलं तर ऑर्डर जाईल.”

मी रोज धुतलेलं नेसून येत होते. तिनं ते विचारलंसुद्धा नाही.

घरी नातीला सगळं सांगितलं. ती कॉलेजात आहे. म्हणाली, “आज्जी, त्या दुकानाच्या पानावर जाहिरातवालेपण बसलेले असतात. त्यांनी तुझ्या ब्राउझरमध्ये खुणेची चिठ्ठी ठेवली. तिला कुकी म्हणतात. भजनाच्या पानावरही तेच बसलेत. चिठ्ठी बघून त्यांनी तुला ओळखलं.”

“भजनाच्या पानावरही?”

“हो.”

ते मला जास्त लागलं.

तिनं जुन्या कुकी पुसल्या. परक्यांच्या कुकी ठेवू न देण्याची सोय ब्राउझरमध्येच होती, कुणी चालू केली नव्हती. शिवाय मागावर राहणाऱ्यांना आपणहून अडवणारा दुसरा ब्राउझर घालून दिला. खाजगी खिडकी दाखवली, ती बंद केली की तिच्यात काय बघितलं ते फोन विसरतो. पण ज्या पानावर जाशील त्याला तू आलीस हे कळतंच, असंही सांगितलं. ते मला पटलं. दुकानदाराला गिऱ्हाईक दिसणारच. त्यानं ते गल्लीभर सांगायचं कारण नाही.

ती बाई गेली. भजनाच्या पानावर आता सिमेंटची जाहिरात येते. बायकांनी ती बघितली, पण मला काठवटीपुढं कुणी बोलावलं नाही.

मग एका दुपारी ऑर्डरी घेणारी आमच्या घरी आली. फोन पदराखाली धरलेला. म्हणाली, “मावशी, माज्याबी फोनमधलं तसलं काढायला सांगा की नातीला. घरात समदे बघतेत.”

काय दिसतंय ते मी विचारलं नाही. एवढंच विचारलं, “काठवटीपुढं मी कधीपासून बसू?”

तिनं खाली बघितलं. “बायका काय म्हणतील?”

नात दारात उभी होती. मी तिला म्हटलं, हिच्याही फोनमध्ये करून दे, आणि खिडकी बंद कशी करायची तेपण शिकव. मग उठून आत गेले. चहा ठेवला नाही.

रचायला मी दुसऱ्या दिवसापासून गेले नाही. घरच्या भाकऱ्या घरी थापते. सुनेला सांगितलंय, माझ्या हातच्या खायच्या असतील तर खा.