यादीत नसलेली मुलगी

खरं सांगायचं तर त्या दिवशी मी देवीशी भांडायलाच देवळात शिरले होते.

कन्हानच्या आमच्या मुलींच्या शाळेत प्रयोगशाळा नव्हती. विज्ञान मी शिकवते, म्हणून देणगीदार शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी यादी केली: मोठे व्यापारी, एक बिल्डर, डॉक्टर झालेल्या दोन माजी विद्यार्थिनी. नागपूरच्या लकडगंजातल्या एका लाकूड व्यापाऱ्यानं तीनदा बोलावून मला बाहेरच्या बाकावर ताटकळत ठेवलं. चौथ्या खेपेला आत घेतलं आणि मान वर न करता म्हणाला, "पाटी आमच्या वडिलांच्या नावाची लागंल. शाळेच्या नावाच्या वर. अन् उद्घाटनाले ओवाळायला पोरी उभ्या पाहिजे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्या मुली शिकायला येतात, तुम्हाला ओवाळायला नाही," म्हणाले आणि उठले.

जवळच्या देवीच्या देवळात जाऊन टेकले. नमस्कारही केला नाही. आई, तुझ्याच लेकींसाठी वणवण करते आहे ना मी? मग दारोदार हा अपमान कशाला? आता मी कोणापुढे हात पसरणार नाही, तुझं तू बघ. ती प्रार्थना नव्हतीच, नुसता संताप होता.

"मॅडम, तुम्ही इथं काहून बसून राहिल्या?"

चाळिशीची बाई, साडीवर लाकडाचा भुसा. ओळख पटायला वेळ लागला. सुनंदा. दहावीला माझ्याच विषयात नापास झालेली. देवळामागच्या गल्लीत ती आणि तिचा नवरा फर्निचरचा कारखाना चालवत होते. मी रागाच्या भरात सगळं तिला सांगून टाकलं. वाटलं, समजूत घालेल. तीच उसळली.

"दरवर्षी शाळेत माजी मुलींचा मेळावा होते, मॅडम. मले एकदाही बोलावलं नाही. नापास झाली म्हणून? त्या शेठकडे चारदा गेल्या तुम्ही. माह्या गल्लीवरून गेल्या, पण आत डोकावल्या नाही."

माझ्या यादीत एकही नापास मुलगी नव्हती. त्या व्यापाऱ्यावरचा राग उलटून माझ्यावरच आला. मी तिची माफी मागितली. प्रयोगशाळेसाठी मदत मात्र मागितली नाही.

"पहिले शाळा तर दाखवा," तीच म्हणाली.

शनिवारी ती आली, वर्गातल्या तीन मैत्रिणींना घेऊन. एक शिवणकाम करणारी, एक खाणावळ चालवणारी, एकीचं नळसामानाचं दुकान. चौघी मुलींमध्ये बसल्या, त्यांना काय काय करून पाहायचंय ते विचारलं, आणि प्रयोगशाळेसाठी ठेवलेल्या गळक्या खोलीवरून मला चांगलं फैलावर घेतलं. दोन महिन्यांत सुनंदाच्या कारखान्यातून टेबलं आली. नळ, कपाटं, काचेचं सामान बाकीच्यांनी आणखी मैत्रिणींना हाका मारून जमवलं. पाटीचं नाव कोणी काढलं नाही.

नव्या प्रयोगशाळेतल्या पहिल्या तासाला सुनंदा मागे उभी होती. "आमच्या वेळेस प्रयोग तुम्हीच करून दाखवत होत्या. आम्हाले हातच लावू दिला नाही कधी."

मी निळा लिटमस तिच्या हातात दिला. लिंबाच्या रसात बुडवताच तो लाल झाला. "मॅडम, पाहा ना!" ती सातवीतल्या पोरीसारखी ओरडली.

त्या व्यापाऱ्याचा राग मला अजून येतो. देवीला शरण जायचं तर मन शांत हवं, असं मी समजत होते. माझं तर धुमसत होतं. आईनं मला तशीच पदरात घेतली, आणि मी जिला विसरले होते तिच्या हातून घेतली. हे ऋण मी डोक्यावर मिरवते.