मागच्या दारापासून मोजलेलं अंतर

आई गेल्यावर तिची पुस्तकं मला घरात नकोशी झाली. घणसोली गावातल्या आमच्या विहारात ती नेली आणि त्यांचं लोखंडी कपाट पुढच्या दाराला आतून लावून उभं केलं. भिंती मोकळ्या होत्या. पण त्याच दारात खुर्ची टाकून आई रोज दुपारी बायकांना लिहा-वाचायला शिकवायची. ते दार रिकामं मला बघवत नव्हतं. बायका वाचायला मागच्या बोळातल्या दाराने येऊ लागल्या.

मग समोरच्या गाळ्यात बिअर शॉपीसाठी अर्ज झाला. मी निर्धास्त होतो. नियम वाचलेला होता: नोंदणी झालेल्या प्रार्थनास्थळापासून ठरावीक अंतराच्या आत परवाना मिळत नाही, आणि अंतर मोजायचं ते दारापासून दारापर्यंत, माणूस चालतो त्या वाटेने. विहाराची नोंदणी आईनेच खेटे घालून करून घेतली होती. मधे जेमतेम एक रिक्षा जाईल एवढी गल्ली.

उत्पादन शुल्काचा निरीक्षक टेप घेऊन आला तेव्हा मी कॉलेजच्या ग्रंथालयात कामावर होतो. त्याने पुढचं दार ढकललं. हललं नाही. मग बायका जिथून आत जात होत्या त्या मागच्या दारापासून, अख्खा बोळ फिरून त्याने मोजलं. अंतर नियमापेक्षा जास्त भरलं.

मी त्याच्या टेबलाशी गेलो. "दुकान आमच्या नाकासमोर आहे, दिसत नाही तुम्हाला?"

"नाकापासून नाय मोजत, सर." शेजारचा कारकून हसला. त्या हसण्याचा राग अजून गेलेला नाही.

"कपाट सरकवलं की दार उघडतं."

"पाहणीला बंद होतं ना?"

"मग नाकारा. अधिकार आहे तुमच्याकडे."

"तोच तर नाय. अंतर भरलं, कागद पुरे. आज मला वाटतं म्हणून याला नाही म्हटलं, तर उद्या मला वाटतं म्हणून दुसऱ्याला हो म्हणेन. चालेल?"

चालणार नव्हतं. त्याचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून तो मला जास्तच नकोसा झाला.

मी हरकत घेतली. सुनावणीला आईची एक म्हातारी विद्यार्थिनी सोबत आली. सही करायला ती आईकडेच शिकली होती. बाहेर बाकावर ती कुजबुजली, "लेकरा, सांग ना, साफसफाईला कपाट त्या दिवसापुरतं दारापुढं सरकवलं व्हतं. आमी समद्या हो म्हनू. तिथं बाटल्या आल्या तर सुना धाडतील का आमाला?"

आत, म्हातारीच्या देखत, सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, "पुढचं दार कधीपासून बंद आहे?"

"आई गेल्यापासून."

"कोणी बंद केलं?"

"मी."

त्यांनी मान वर न करता लिहून घेतलं आणि हरकत फेटाळली.

जिन्यात अर्जदार भेटला, गावातलाच. "मास्तर, मना वाटला तुमी खोटा बोलाल. वकील पन आनला होता." त्याने हात पुढे केला. मी माझे दोन्ही हात पिशवीवर ठेवले.

म्हातारी आधीच खाली उतरून रिक्षात बसली होती. मी वाकून आत पाहिलं. ती सरकली नाही.