कच्चा आवाज

"ही बाई आपल्यातलीच हाय की गं. कुकरची शिट्टी झाली की थांबती."

"नुसती थांबती कुटं? भात उतरवून येती वाटतं."

दोघी हसल्या. टॉवेलच्या गठ्ठ्यांच्या अलीकडे मी मांडीवर वही घेऊन बसले होते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना, सोमवारची जेवणाची सुट्टी, बंद मशिनी. शिलाई विभागातल्या दोघीजणी डबा संपवून एकाच मोबाइलवर आमचा कोर्स बघत होत्या. एक पन्नाशीची, लाइनची सुपरवायझर. तिला सगळ्याजणी अक्का म्हणतात. दुसरी नुकतीच कामाला लागलेली, हातातला हिरवा चुडा अजून तसाच. मी त्यांना दिसत नव्हते आणि मला तेच हवं होतं. लोक कोर्स बघताना अंगठा कुठे थांबवतात, कुठे कंटाळून पुढे ढकलतात, हे गुपचूप टिपणं माझ्या कामाचाच भाग आहे. मला तोच सगळ्यात आवडतो, कारण त्यात बोलावं लागत नाही.

मग मोबाइलमधून आलं, "बटण बंद, पाय बाजूला, मग हात. एवढंच."

"एवढंच!" दोघी एका सुरात म्हणाल्या आणि पुन्हा हसल्या.

माझं पेन थांबलं. मोबाइलमधला आवाज माझा होता. आणि तो तिथे असायला नको होता.

हे समजायला आमचं काम कसं चालतं ते थोडं सांगावं लागेल. आमची कंपनी पुण्याची. कारखाने, दवाखाने, दुकानं यांच्या कामगारांसाठी मोबाइलवर बघायचे छोटे छोटे कोर्स आम्ही बनवतो. सोलापुरात सात रस्त्याजवळ एका डेंटिस्टच्या वरच्या मजल्यावर आम्ही चौघंजण बसतो आणि बाकी तिघांची मी मॅनेजर आहे. मॅनेजर म्हटलं की जे चित्र डोळ्यांसमोर येतं, तशी मी नाही. कॉलवर माझा कॅमेरा बंद असतो आणि मी शक्यतो उत्तर टाइप करून देते. मला बढती मिळाली ती बहुधा माझ्या तक्त्यांमुळे. प्रत्येक कोर्सचा एक तक्ता असतो: डावीकडे पडद्यावर काय दिसणार, उजवीकडे काय ऐकू येणार. ते तक्ते मी फार निगुतीने करते.

तक्ता झाला की चित्रं हलवण्यासाठी आवाज लागतो. कुठलं वाक्य किती सेकंदांचं, हे ऐकल्याशिवाय कळत नाही. म्हणून आम्ही आधी आपल्यातल्याच कोणाच्या तरी आवाजात सगळं वाचून घेतो. त्याला आम्ही कच्चा आवाज म्हणतो. चित्रं बसली की पुण्यातल्या व्यावसायिक आवाजाच्या बाईंकडून पक्का आवाज येतो आणि कच्चा पुसला जातो. कच्चा आवाज बाहेर जात नाही. शिलाईचा धागा लावण्याआधी कच्चे टाके घालतात, तसाच तो. काम झालं की उसवून टाकायचा.

या कोर्सचा कच्चा आवाज मी दिला होता, तोही ऑफिसमध्ये नाही, घरी. ऑफिसमध्ये इतरांसमोर मराठी मोठ्याने वाचणं मला जमत नाही. आमच्या घरात आईबाबा एकमेकांशी कानडी बोलतात, माझ्याशी मराठी, आणि शाळा माझी सगळी इंग्रजी. मराठीच्या तासाला मी बोट ठेवून वाचायचे आणि जोडाक्षर आलं की मागच्या बाकावरून खुसखूस ऐकू यायची. ती खुसखूस अजून कानात आहे. म्हणून रविवारी सकाळी खोलीचं दार लावून, पंखा बंद करून, डोक्यावरून चादर ओढून मी रेकॉर्डिंग केलं. जाड चादरीत आवाज घुमत नाही. घामाने नुसती आंघोळ झाली. बाहेर आईचा कुकर. शिट्टी झाली की मी थांबायचे, ती संपली की पुढे वाचायचे. कच्चंच तर होतं.

एक वाक्य मात्र जाईना. मूळ इंग्रजीवरून पुण्याच्या अनुवादकाने ते असं केलं होतं: यंत्राचा विद्युतपुरवठा खंडित केल्याशिवाय सुईच्या परिसरात हस्तक्षेप करू नये. मी तीनदा अडखळले. चौथ्यांदा वैतागून म्हणाले, "बटण बंद, पाय बाजूला, मग हात. एवढंच." आणि पुढे गेले. वेळ तर तेवढाच भरला होता.

गठ्ठ्यांमागे बसून मला हे सगळं क्षणात आठवलं. उठून जावं म्हणून मी वही मिटली आणि तेवढ्यात अक्कांनी मला पाहिलं.

"अगं बाई, मॅडम! या की, हितं बसा. जमिनीवर का बसला?"

मी हसले.

"हे तुमीच पाठवलं नव्हं? लई बरं केलं. आज सकाळीच हिची सुई तुटली, तर ही काय करती? आदी बटण, मग पाय, मग हात. तोंडानं म्हणत म्हणत." त्यांनी नव्या मुलीकडे हनुवटीने खूण केली. "मागच्या साली आलेल्या पोरीनं चालू मशिनीत बोट घातलं हुतं. टाके पडले."

"बाई कोण हो ही?" त्या मुलीने विचारलं. "सोलापूरचीच असंल की. पुण्याची असं बोलत न्हाय."

"असेल," मी म्हणाले. समोरासमोर मी इतकं हळू बोलते, की कोणाला शंकाही आली नाही.

रिक्षात बसल्यावर चूक कुठे झाली ते उमगलं, आणि ती फक्त माझ्याच हातून होऊ शकली असती. फाइल चढवायचं काम माझं नाही. ते आमच्या आवाज जुळवणाऱ्या मुलीचं. ती मोहोळहून रोज एसटीने येते आणि कंपनीत तिची कायम होण्याची मुदत अजून पुरी व्हायची होती. शनिवारी तिच्या बहिणीचा साखरपुडा होता. कोर्स त्याच दिवशी जायला हवा होता आणि फाइल चढवण्याची परवानगी फक्त तिच्या खात्याला होती. तिने पासवर्ड मला कधीच देऊन ठेवला होता. मी तिच्या नावाने आत गेले आणि फाइल चढवली. दोन फाइली शेजारी शेजारी होत्या, कच्ची आणि पक्की. चढवण्याआधी मी पूर्ण तपासली, पण आवाज बंद ठेवून. स्वतःचा आवाज कानावर पडू नये म्हणून महिनाभर मी हा कोर्स मुका करूनच बघत होते. त्या दिवशीही हात सवयीने तिथेच गेला. आमच्या भिंतीवर मीच लिहिलेली यादी चिकटवलेली आहे. त्यातली पाचवी ओळ: चढवण्याआधी दुसऱ्या माणसाने पूर्ण ऐकावे. दुसऱ्या माणसाला कधी माझाच आवाज ऐकवावा लागेल हे तेव्हा माहीत असतं, तर ती ओळ मी लिहिलीच नसती.

ऑफिसला पोचले तर पुण्याच्या मॅडमचा, म्हणजे माझ्या वरिष्ठांचा, मेल येऊन पडला होता. त्यांनी कोर्स ऐकला होता. कुकरच्या शिट्ट्या मोजल्या होत्या बहुतेक. फाइल कोणी चढवली हे सिस्टिममध्ये दिसतंच. मेल त्या मुलीला होता, मला फक्त माहितीसाठी. बुधवारी कारखान्यात मीटिंग आहे, तिने तिथे हजर राहावं, कायम करण्याबद्दल नंतर बोलू.

ती माझ्या टेबलापाशी आली. साखरपुड्याची मेंदी अजून हातावर होती.

"ताई, मी तर शनिवारी मोहोळला होते. माझ्या नावावर कसं आलं हे?"

मी स्क्रीनकडे बघत राहिले.

"का शुक्रवारी निघताना घाईत मीच काही दाबलं? एसटी चुकेल म्हणून मी पळतच गेले होते ना."

ती स्वतःवरच संशय घेत होती. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणाले, "बघते."

त्या "बघते"ची मला आजही लाज वाटते. मी मेल लिहायला घेतला, दोनदा. पहिल्यांदा इंग्रजीत: तांत्रिक गोंधळामुळे चुकीची प्रत प्रसारित झाली. वाचून बघितलं तर त्यात माणूसच नव्हता, चूक जणू आपोआप झाली होती. मी तो खोडला. दुसऱ्यांदा मराठीत लिहायला लागले, तर "मी" या शब्दापुढे जाईना. मंगळवारी ती मुलगी डबाही न उघडता बसली होती. एरवी ती सगळ्यांच्या डब्यात हात घालते, शेंगाची चटणी दिसली की आधी तिचाच घास.

पुढचं आधीच सांगून टाकते, कारण कोणाला ताटकळत ठेवणं मला आवडत नाही. कोणाची नोकरी गेली नाही. ती मुलगी कायम झाली आणि आता माझ्याच टेबलावर बसून माझ्या डब्यातलं खाते. तिचा पासवर्ड तिने बदलला, माझ्यासमोर बसून, पण मला दिसू नये म्हणून मुद्दाम हात आडवा धरून. भिंतीवरची पाचवी ओळ आता पहिली आहे. आणि त्या बुधवारी मीटिंग संपल्यावर आम्ही दोघींनी कारखान्याच्या फाटकाबाहेरच्या गाड्यावर उभ्या उभ्या गरम भजी खाल्ली. दोन दिवसांत मला पहिल्यांदा तोंडाला चव आली. मिरची तिखट होती, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मिरचीमुळेच आहे असं आम्ही दोघींनी समजून घेतलं. उन्हात रस्ता नुसता तापला होता, पण अंगावरून ओलं जड काहीतरी उतरवून ठेवल्यासारखं मला हलकं वाटत होतं, त्या रविवारी चादरीतून बाहेर येऊन पंखा लावला तेव्हा वाटलं होतं तसं.

पण त्याआधी मीटिंग झाली.

मालकांची केबिन थंड होती. टेबलावर लॅपटॉप, त्यात पुण्याच्या मॅडम. एका बाजूला मालक, दुसऱ्या बाजूला मी आणि ती मुलगी. मी नेहमीप्रमाणे लॅपटॉपच्या कोनाच्या थोडी बाहेर बसले होते. टाइप करायला मला काही नव्हतं. दाराशी अक्का उभ्या होत्या. बायकांच्या वतीने सांगायला मालकांनी त्यांना बोलावलं होतं.

"सर, आधी सॉरी म्हणते," मॅडमनी सुरुवात केली. "तुमच्याकडे चुकून तात्पुरता आवाज गेला. मागे स्वयंपाकघराचे आवाज आहेत, एक वाक्य तर आम्ही मंजूर केलेलंच नाही. आज योग्य प्रत देतो. संबंधित व्यक्ती नवीन आहे. तिच्याबद्दल आम्ही आत काय तो निर्णय घेऊ."

शेजारची मुलगी नखावरची मेंदी खरवडायला लागली.

"अहो, पण मॅडम," मालक म्हणाले, "आमच्याकडे तर तक्रार नाही की. शिट्टी मलाही ऐकू आली. मला वाटलं, मुद्दाम टाकलीय. बायका लक्ष देतात म्हणून."

"मुद्दाम नाही, सर. चूक आहे."

"आता अक्का काय म्हणतायत बघा. अक्का, बोला."

अक्कांनी पदर सारखा केला. त्यांना एवढंच कळलं होतं की मोबाइलमधल्या बाईवर काहीतरी बेतलं आहे.

"त्या बाईला काडू नका," त्या लॅपटॉपकडे बघून जरा मोठ्याने म्हणाल्या, पुणं लांब आहे म्हणून. "ती बाई बरी हाय. चुकती, पन परत सांगती. आमाला असंच कळतं. दुसरी कोन आणली आन् ती बातम्यांगत बोलली, तर पोरी ऐकायच्या न्हाईत, मी आत्ताच सांगते."

"अक्का, कोणी कोणाला काढत नाही," मालक हसत म्हणाले.

"मग कोन हाय ती? बोलवा की हितं. च्या तरी पाजू."

मालक माझ्याकडे बघत होते. त्यांना वाटलं असेल, मॅनेजर आहे, हिला माहीत असेल. शेजारचं खरवडणं थांबलं होतं. मी खुर्ची पुढे ओढली. लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत मला माझा चेहरा दिसला, आणि मागच्या बाकावरून कसलीही खुसखूस आली नाही.

"तो आवाज माझा आहे," मी म्हणाले. आवाज मोबाइलमध्ये होता तसाच निघाला आणि दारातल्या अक्कांनी डोळे मोठे केले. "शनिवारी फाइल मीच चढवली, हिच्या खात्यातून, न ऐकता. ही त्या दिवशी मोहोळला होती. हिची काही चूक नाही. एवढंच."